चिकाचा वास

उन्हाळा लागला की आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीत घरोघरी गहू भिजत पडायचे आणि दिवसातून एकदा तरी कुणीतरी बाई फाटकाशी उभी राहून हाक मारायची, "वहिनी, जरा नाक घेऊन या वं." नाक म्हणजे माझ्या आईचं नाक. कुरोड्यांसाठी गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, मग तो वाटून, पिळून त्याचा चीक काढायचा, हे सगळ्याच बायकांना येत होतं. पण गहू नेमका कधी वाटायला काढायचा, हे बोटांनी दाबून पुरतं कळत नाही, वासानं कळतं. घाई केली तर कुरोडी तेलात पडल्यावर फुलत नाही आणि उशीर झाला तर वर्षभर आंबूस लागते. आई हातातलं काम टाकून जायची, पातेल्यावर वाकायची, डोळे मिटून एकच श्वास घ्यायची आणि सांगून टाकायची, "उद्या सकाळी," नाहीतर, "आत्ताच काढा, चहा मागून प्या." तिचा शब्द चुकल्याचं मला आठवत नाही. हल्ली कुरोड्या पाकिटात मिळतात आणि मीही पाकीटच आणते, उगाच खोटं कशाला सांगू.

त्या नाकाचा मला मात्र जाच होता. शाळेतून आले की दारातच आई मला जवळ ओढायची, माझ्या केसांत नाक खुपसायची आणि मी दिवसभर काय केलं ते सांगायची. शाळेबाहेरची उकडलेली बोरं खाल्ली, कुणाच्या तरी घरी मासे शिजत होते तिथं बसले, तलावाकाठी उभी राहिले, सगळं तिला कळायचं. खोटं बोलायची सोयच नव्हती. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, त्याला लागून कोठीची अंधारी खोली, मागं अंगणात कडुलिंब आणि नळ, एवढं आमचं घर. बाबा सरकारी कचेरीत कारकून. मी एकटीच मुलगी. घरात सकाळपासून आवाज असायचा तो आईचाच. ती भांड्यांशी बोलायची, फोडणीला दटावायची, रेडिओवरच्या बाईला मध्येच उत्तर द्यायची. गॅस आमच्याकडे नवाच आला होता. सिलिंडर लावायला आलेला माणूस बजावून गेला, वास आला तर काडी ओढायची नाही, तेव्हा बाबा हसून म्हणाले होते, "हिले सिलिंडर उघडायच्या आधी वास येईल, तुम्ही काळजी नका करू."

मी बारावीत होते. संक्रांत नुकतीच झाली होती. जुना सोऱ्या झिजला म्हणून आईला कुरोड्यांसाठी नवा पितळी सोऱ्या हवा होता, तो आणायला दोघं स्कूटरवरून सीताबर्डीला गेले. परत येताना आई मागं एका बाजूला पाय सोडून बसली होती आणि सोऱ्याला धक्का लागू नये म्हणून तिनं तो दोन्ही हातांनी मांडीवर धरला होता, म्हणजे बाबांच्या खांद्यावर हात नव्हता. स्कूटर खड्ड्यातून उसळली आणि आई मागच्या मागं पडली. डोक्याची मागची बाजू रस्त्यावर आपटली. रक्त आलं नाही. ती काही मिनिटं बेशुद्ध होती. भाजीच्या हातगाडीवाल्यानं मुठीनं कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला आणि थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले. कांद्यानं शुद्धीवर आली, असं बाबा पुढं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे आणि त्या भाजीवाल्याला दुवा द्यायचे. खड्ड्याचा विषय त्यांनी स्वतःहून कधीच काढला नाही. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे, चार दिवस आराम करा, म्हणून सांगितलं. सोऱ्याला साधं खरचटलंही नव्हतं.

आमच्या घरात दुखण्याला मुदत असायची. चार दिवस म्हणजे चार दिवस. पाचव्या दिवशी आई उठली, कंबर कसून स्वयंपाकघरात गेली आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकला. पण उठली ती वेगळीच बाई. ताटावर ताट ठेवल्याचा आवाज झाला की ती कानांवर हात दाबून खाली बसायची. खिडकीतल्या उन्हाकडे पाठ करायची. रेडिओ तिनं स्वतः उचलून माळ्यावर टाकला. बोलता बोलता मध्येच थांबायची आणि पुढचा शब्द शोधत भिंतीकडे बघत राहायची. वरणात मीठ दोनदा पडायचं किंवा पडायचंच नाही. एका सकाळी मी चहात साखर ढवळत होते, चमचा कपाला लागत होता, तर तिनं मागून येऊन माझ्या थोबाडीत मारली. त्याआधी तिनं मला कधी मारलं नव्हतं. मारल्यावर तीच रडायला लागली आणि दुपारपर्यंत रडत राहिली. त्या दिवसापासून मी चहा न ढवळता प्यायला शिकले, वर फिका आणि तळाशी गोडमिट्ट.

बाबा म्हणायचे, "तुही आई तापट झाली वं, वय होऊन राहिलं." आई तेव्हा चाळिशीचीही नव्हती. शेजारपाजारचे म्हणायचे, बाईला आराम मानवला. मी काय म्हणायचे ते लिहिते, कारण हे प्रकरण लिहायला घेतलं ते त्याचसाठी. मला तिचा राग यायचा. आधी थोडा, मग रोज, मग सकाळी डोळा उघडल्यापासून. परीक्षा जवळ आली होती, स्वयंपाक माझ्यावर पडला होता आणि पुस्तक उघडलं की आतून हाक यायची. पान उलटल्याचा आवाज तिला सोसत नव्हता, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. परीक्षेतून मी घरी आले की ती पूर्वीसारखी दारात नसायची, मला जवळ ओढायची नाही, केसांत नाक घालायची नाही. जाचातून सुटले, असं मला वाटायला हवं होतं. उलट मला वाटायचं, आपली आई त्या रस्त्यावरच राहिली आणि बाबा भलत्याच कुणाला तरी स्कूटरवर बसवून घरी घेऊन आले.

मागच्या महिन्यात माझी नात स्कूटीवरून पडली. फार लागलं नाही, पण दवाखान्यातून सुटताना त्यांनी एक छापील कागद दिला. घरच्यांनी कशावर लक्ष ठेवायचं त्याची यादी होती. चिडचिड, रडू येणे, उजेड आणि आवाज सहन न होणे, शब्द न आठवणे, वास किंवा चव न कळणे. दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये सून चहा घेऊन येईपर्यंत मी तो कागद चार वेळा वाचला. माझ्या घरातलं ते सगळं वर्ष एका पानावर मावलं होतं.

त्या वर्षी मे महिना आला आणि कूलरचा प्रश्न उभा राहिला. नागपूरचा मे ज्यानं काढलाय त्यालाच कूलर काय ते कळेल. आमचा कूलर पत्र्याचा, खिडकीत बसवलेला, वाळ्याच्या ताट्या लावलेला. तो सुरू झाला की आधी घरघर, मग पाण्याची टिपटिप, मग ओल्या वाळ्याचा वास. आईला त्याची घरघर सोसेना. लावला की बंद करायची, पुन्हा लावला की बटण तोडायला धावायची. शेवटी बाबांनी ताट्या काढून ठेवल्या. डोक्यावर ओलं फडकं घेऊन ती दिवसभर कोठीत, गव्हाच्या पिंपाशेजारी बसून राहायची. बाबा आणि मी दुसऱ्या खोलीत फरशीवर पाणी टाकून पडायचो. बाबांच्या अंगावर घामोळ्या आल्या, पण ते तिला एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांना बोलायचा हक्क वाटत नसावा.

त्याच दिवसांत शेजारच्या लीलाकाकूंच्या मुलीचं लग्न ठरलं. रुखवतात ठेवायच्या कुरोड्यांसाठी काकूंनी पाच पायल्या गहू भिजवला आणि त्या फाटकाशी आल्या. आई कितीतरी दिवसांनी चांगलं लुगडं नेसली. मी सोबत गेले. काकूंच्या पडवीच्या पायरीवरच मला वास आला. गहू पिकून पुढं चालला होता, माझ्यासारख्या पोरीलाही कळत होतं. आई पातेल्यावर वाकली, डोळे मिटले, एक श्वास घेतला, मग दुसरा, मग तिसरा. पुढच्याच क्षणी ताठ होऊन म्हणाली, "अजून एक दिवस राहू दे." मी तिच्याकडे बघत राहिले. काकूंना सर्दी होती आणि आईच्या शब्दापुढं कुणी स्वतःचं नाक चालवत नसे. दुसऱ्या दिवशी तो सगळा गहू गाईपुढं टाकावा लागला. संध्याकाळी काकू आमच्या अंगणात आल्या. आरडाओरडा केला नाही, तो केला असता तर बरं झालं असतं.

"वहिनी, पोरीच्या लग्नाचं होतं वं," त्या म्हणाल्या. "तुमच्या नाकाले समजलं नाही असं तर होत नाही. काहून केलं असं?"

काकू गेल्यावर आई कोठीत जाऊन बसली आणि तिनं मला आत बोलावलं. अंधारात तिनं माझा हात धरला. "नंदा, मले वास येत नाही," ती म्हणाली. "त्या दिवसापासून. भाताचा येत नाही, रॉकेलचा येत नाही, तुह्या केसांचाबी येत नाही. तुले जवळ घेतलं न, तर कोणाची पोर घेतली समजत नाही मले. म्हणून मी घेतच नाही."

मी म्हटलं, "बाबाले सांगतो न आपण. डॉक्टर पाहतील."

"नको," ती इतक्या घाईनं म्हणाली की मी दचकले. "माह्याजवळ तेवढंच होतं वं. लोकं मले हाक मारत ते त्याच्यासाठीच. आता डोकंबी काम देऊन नाही राहिलं. कोणाले सांगू नको. घे माही शपथ." आणि माझा हात उचलून तिनं स्वतःच्या डोक्यावर ठेवला, नेमका मागच्या बाजूला, जिथं मार लागला होता तिथं. मी शपथ घेतली.

पुढच्या आठवड्यात कन्हानहून आत्या आली. बाबांची मोठी बहीण, कडक बाई, पण मनानं वाईट नव्हती. भावाचे हाल बघवत नाहीत म्हणून आली आणि पदर खोचून तिनं स्वयंपाक हातात घेतला. तिसऱ्या दिवशी दुपारी ती आडवी झाली होती, बाबाही सुटीमुळे घरीच झोपले होते आणि मी मैत्रिणीकडून परत येत होते. फाटकाशीच गॅसचा वास नाकात घुसला. मी चपलेसकट आत धावले. ओट्यावर दुधाचं पातेलं, उतू गेलेलं दूध शेगडीभर पसरलेलं, विझलेली शेगडी सुंसुं करत होती. समोर आई उभी होती, एका हातात काडेपेटी आणि दुसऱ्या हातात काडी. मी पेटी हिसकावली, बटण फिरवलं, मागचं दार उघडलं. आवाजानं आत्या उठली, बाबा आले आणि त्या दोघांनी जे पाहिलं ते असं : घरभर गॅस, हातात काडी घेतलेली आई.

"मले वाटलं, मी पेटवलाच नाही," आई म्हणाली.

"पेटवलाच नाही?" आत्या भिंतीला टेकून खाली बसली. "अवं, दुसऱ्या खोलीत माह्या नाकात जाऊन राहिला आन् तुले समजलं नाही? अख्ख्या गल्लीचं नाक तू! घरादाराले जाळून मरायले निघाली होती काय?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. शपथेची आठवण देणारं ते पाहणं होतं, असं मी तेव्हा धरून चालले. तिला अजून काही म्हणायचं असेल, याचा मी विचार केला नाही.

मग आत्यानं एका ठिकाणाचा विषय काढला. कन्हानच्या पलीकडं एका खेड्यात, नदीच्या अंगाला, डोकं फिरलेल्या माणसांना नेऊन ठेवायची एक जागा होती. अकरा दिवस ठेवतात, बाधा उतरते, तिच्या ओळखीची दोन माणसं बरी होऊन आली होती. घरच्यांनी राहायचं नाही, हा तिथला नियम. बाबा दोन दिवस नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी काडेपेट्या आणि विळी कुलपात ठेवल्या, आणि चौथ्या दिवशी ते हो म्हणाले.

निघायची सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. ऑटो फाटकाशी उभा होता. आत्या आईच्या लुगड्यांची पिशवी बांधत होती. आई ओसरीवर बसली होती, केस विंचरून, मुकाट, कुणी नेईल तिकडं जाणारी. बाबांनी मला मागं नळापाशी बोलावलं. त्यांची दाढी वाढली होती. नळ सुरू करून त्यांनी हात धुतल्यासारखं केलं, म्हणजे आत ऐकू जाऊ नये.

"नंदा, एक खरं सांग," ते म्हणाले. "तिनं मुद्दाम केलं काय वं? तुह्यापाशी काही बोलली काय? काहीबी असन तर सांग. तू सांगितलं तर मी नेत नाही तिले."

उत्तर माझ्या जिभेवर होतं. चार शब्द होते. तिला वास येत नाही. एवढं म्हटलं असतं तर ऑटो परत गेला असता.

"नाही," मी म्हटलं. "मले काही बोलली नाही."

बाबांनी नळ बंद केला.

पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की शपथेनं तोंड बांधलं होतं. ते खोटं आहे. शपथ मला त्या क्षणी आठवलीसुद्धा नाही. मला फक्त दिसत होतं, अकरा दिवस घरात आई नसेल. मी चहा ढवळीन. कुणी मला मारणार नाही, मारून रडणार नाही. मी सतरा वर्षांची होते, थकले होते, हे सगळं खरं आहे आणि ते मी पुढं करणार नाही. मला ती जायला हवी होती.

ऑटो वळला आणि मी काय केलं? माळ्यावरून वाळ्याच्या ताट्या काढल्या, खिडकीत बसवल्या, टाकीत बादलीनं पाणी भरलं आणि कूलर लावला. घरघर सुरू झाली, टिपटिप सुरू झाली, ओल्या वाळ्याचा गार वास खोलीत भरला. मी त्याच्यासमोर उताणी पडले आणि महिन्याभरात झोपले नव्हते अशी गाढ झोपले. बाबा परत येऊन दार वाजवत होते तेही मला ऐकू आलं नाही. आज घरात एसी आहे, त्याचा आवाजही होत नाही, तरी मेच्या दुपारी मला झोप म्हणून लागत नाही.

आठव्या दिवशी बाबा कचेरीत म्हणून गेले ते परस्पर त्या खेड्यात गेले आणि आईला घेऊन आले. आत्याला विचारलं नाही, नियम पाळला नाही. आई ऑटोतून उतरली तेव्हा मी तिच्या पायांकडं पाहिलं. दोन्ही घोट्यांवर दोरीचे काळेनिळे वळ होते, एका घोट्याची कातडी सोलून निघाली होती. बाबांनी नंतर मला तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. तिथं हिंग आणि चामडं जाळून नाकाशी धरायचे. अंगात काही नसेल तर माणूस त्या घाणीनं तोंड फिरवतो, अशी त्यांची समजूत होती. आईचे डोळे वाहायचे, ठसका लागायचा, पण ती तोंड फिरवायची नाही. तिला घाण येतच नव्हती. म्हणून आतलं फार बळकट आहे असं ठरलं आणि दुसऱ्या दिवसापासून दोरी आली.

त्यानंतर बाबांनी कुणाचं ऐकलं नाही. सीताबर्डीतल्या एका जिन्यावरच्या दवाखान्यात ते तिला घेऊन गेले. डोक्याच्या दुखण्यांचे म्हातारे डॉक्टर होते. मीही सोबत होते. त्यांनी स्कूटरपासून सगळं ऐकलं, आईला डोळे मिटायला सांगितलं आणि टेबलाच्या खणातून एकेक वस्तू तिच्या नाकाशी धरली. कापूर, साबण, कॉफी, लवंगेचं तेल. आई प्रत्येक वेळी मान हलवून नाही म्हणाली. मग त्यांनी तिला बाहेर बसवलं.

"मार मागे लागला तरी मेंदू पुढे आपटतो," ते म्हणाले. "नाकाच्या नाजूक तारा तिथे तुटतात. चिडणं, रडणं, आवाज न सोसणं, तेही त्याच माराचं. ही बाई वेडी नाही आणि नाटकही करत नाही. थोडंफार सुधारेल. वास बहुतेक परत येणार नाही. घरात कुणाला कळलं नाही का?"

"पण डॉक्टरसाहेब," बाबा म्हणाले, "कांद्याच्या वासानं तर ती शुद्धीवर आली होती."

"ती आपोआप आली असेल," डॉक्टर म्हणाले.

जिना उतरताना बाबांनी कठडा धरला आणि मधल्याच पायरीवर बसले. "आपल्याले कोणालेच माहीत नव्हतं वं, नंदा," ते म्हणाले. "माहीत असतं तर मी नेलं असतं काय?" मी म्हटलं, "हो न, बाबा. कोणालेच माहीत नव्हतं." बाबा जाऊन आता वीस वर्षं झाली. तेवढंच खरं मानून ते गेले.

त्या दुपारी बाबा औषधं आणायला गेले. आई खाटेवर पडली होती आणि मी तिच्या घोट्यांना हळद-तेल लावत होते. कूलर बंद होता. तिनं मला उशाशी बोलावलं, माझा चेहरा हातात घेतला आणि कितीतरी महिन्यांनी पूर्वीसारखी हसली.

"मले वाटत होतं, तू सांगून देशील," ती म्हणाली. "तिथं रोज वाटायचं, आज नंदा सांगन आन् ते मले न्यायले येतील. मग म्हणायचो, नाही, माही पोर शपथ मोडणार नाही. एवढं झालं तरी तू तोंड उघडलं नाही. गुणाची वं माही पोर."

मग तिनं मला जवळ ओढलं, सवयीनं माझ्या केसांत नाक खुपसलं, डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला आणि तसाच सोडून दिला. मी हललेही नाही.